कुरुंदवाडचा मुलगा, अधू दृष्टी आणि लाहोरची शाळा: विष्णू दिगंबर पलुस्कर स्वतःच्या पायावर कसे उभे राहिले?

घरात कुणी गाणं किंवा तबला शिकत असेल तर प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद हे शब्द तुमच्या कानावर पडलेच असतील. दरवर्षी हजारो मुलं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या या परीक्षांना बसतात. या परीक्षांचं मूळ शोधत गेलं तर आपण थेट शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडला पोहोचतो. नृसिंहवाडीला दर्शन घेऊन बासुंदी बांधून घेणाऱ्या अनेकांना माहीत नसतं, की तिथून काही किलोमीटरवरच्या या गावात विष्णू दिगंबर पलुस्करांचा जन्म झाला.

संगीताचे प्रचारक म्हणून पलुस्करांची ओळख सगळ्यांना आहे. लहानपणीच त्यांची दृष्टी अधू झाली होती, हे मात्र चरित्राच्या पहिल्या पानावर येतं आणि तिथेच मागे पडतं. दिव्यांगांच्या स्वतंत्र जगण्याचा प्रश्न आज कायद्यात आला आहे. त्या नजरेनं या आयुष्याकडे पाहिलं तर काय दिसतं?

नेमकं काय घडलं होतं?

पलुस्करांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा. घराण्याचं मूळ आडनाव गाडगीळ. पूर्वज आजच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूसचे, म्हणून पलुस्कर. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. त्यामुळे अभंग, पदं आणि टाळ-मृदंग घरातच होते.

शाळेत जाण्याच्या वयात दत्तजयंतीच्या उत्सवात एक फटाका विष्णूच्या तोंडाजवळ फुटला आणि दोन्ही डोळ्यांना इजा झाली. गावात लगेच उपचार मिळण्याची सोय नव्हती. पुढे नेत्रशस्त्रक्रियांसाठी नावाजलेलं डॉ. विल्यम वॉन्लेस यांचं मिरजेचं रुग्णालय सुरू झालं ते १८९४ मध्ये. तोवर हा मुलगा तरुण झाला होता. काही काळ त्याला दिसेनासं झालं. उपचारांनंतर थोडी दृष्टी परत आली, पण ती कायमची अधूच राहिली. पुस्तक वाचून शिकण्याची वाट बंद झाली.

तेव्हा अशा मुलापुढे पर्याय काय होते?

जवळपास नव्हतेच. भारतातली अंधांसाठीची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली. मुंबईत अशी शाळा विसाव्या शतकाच्या तोंडावर आली. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल लिपी ठरायला १९५१ साल उजाडलं. म्हणजे कुरुंदवाडच्या या मुलाच्या हातात ना लिपी होती, ना शाळा. न दिसणाऱ्या मुलानं घरच्यांच्या आधारानं दिवस काढायचे, नाहीतर देवळात भजन म्हणायचं, एवढीच कल्पना समाजाला होती.

उपचारासाठी मुलाला मिरजेला नेलं, तिथे त्याचा आवाज डॉक्टरांच्या कानावर पडला आणि त्यांनीच याला गाणं शिकवा असं सुचवलं, अशी हकिकत सांगितली जाते. ही सूचना आज आपल्याला फार सुंदर वाटते. पण त्यातली दुसरी बाजूही पाहायला हवी. गाणं हा त्या मुलानं चार पर्यायांतून निवडलेला रस्ता नव्हता. उघडा असलेला तो एकच रस्ता होता. गळा गोड नसता तर पुढे काय झालं असतं, याचं उत्तर त्या काळाकडे नव्हतं.

आधार कुणी दिला?

मिरजेचे संस्थानिक बाळासाहेब पटवर्धन यांनी मुलाची राहण्याजेवणाची आणि शिक्षणाची सोय केली. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तेव्हा मिरजेत होते. विष्णू त्यांच्याकडे शिकू लागला.

त्या काळचं शिक्षण कानानंच चालायचं. गुरूनं गायचं, शिष्यानं ऐकायचं आणि म्हणून दाखवायचं. वही नाही, फळा नाही. शाळेच्या वर्गात अधू दृष्टीचा मुलगा मागे पडला असता, गुरूच्या घरी तो इतरांच्या बरोबरीला होता. शिकवण्याची पद्धत बदलली की तीच शारीरिक अवस्था अडचण राहत नाही, हा मुद्दा आजच्या दिव्यांग चळवळीत सतत मांडला जातो. मिरजेत तो कुणी न मांडताच खरा ठरला होता.

मदत उत्तम होती, पण ती एका माणसाच्या मर्जीवर होती. इंजिनीअरिंगच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. सगळा भार एकाच खांबावर असतो, आणि तो खांब हलला की वरचं सगळं कोसळतं.

मग ते मिरज सोडून का गेले?

मिरजेतल्या एका समारंभाचा प्रसंग त्यांच्याबद्दल नेहमी सांगितला जातो. राजांच्या मर्जीतले म्हणून पलुस्करांना आमंत्रण आलं, पण त्यांच्या गुरूंना आलं नाही. कारण विचारलं तेव्हा कळलं, की गवयांना अशा ठिकाणी बोलवायची पद्धतच नाही. म्हणजे आपल्याला मान आहे तो राजांमुळे. आपल्या विद्येला आणि गुरूंना तो नाही, हे त्यांना लख्ख कळलं.

१८९६ मध्ये पलुस्करांनी मिरज सोडली. तेव्हा ते २४ वर्षांचे होते, दृष्टी अधू होती आणि दरबारचं छत्र स्वतःहून सोडलेलं होतं. सोबतीला काही सहकारी होते. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असं करत ते पंजाबात पोहोचले. या प्रवासात त्यांनी एक वेगळी गोष्ट केली. सौराष्ट्रात त्यांनी लोकांसाठी तिकीट लावून गाण्याचा कार्यक्रम केला. शास्त्रीय गाणं तोवर राजवाड्यात नाहीतर मंदिरात व्हायचं. तिकीट काढून कुणीही यावं आणि ऐकावं, ही कल्पनाच नवी होती.

हा बदल पैशांपुरता नव्हता. दरबारात एक राजा नाराज झाला की गायक रस्त्यावर येतो. तिकीट काढणाऱ्या दोनशे जणांपैकी दहा नाराज झाले तरी उद्याचा कार्यक्रम होतो. पलुस्करांनी आधार नाकारला नाही, त्यांनी तो अनेकांत वाटून घेतला.

लाहोरची शाळा वेगळी कशी होती?

५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू झालं. योगायोग असा, की त्याच्या काही दिवस आधी, १८ एप्रिल १९०१ ला, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं होतं. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा आणि जेवण मिळालं तरच तो शिकेल, हे शाहू महाराजांनी ओळखलं होतं. इकडे लाहोरमध्ये पलुस्करही गाण्याच्या बाबतीत तसाच विचार करत होते.

ही शाळा कुठल्या एका संस्थानाच्या पैशावर उभी नव्हती. देणग्या, फी आणि पलुस्करांच्या कार्यक्रमांचं उत्पन्न यावर ती चालायची. पैसे नसलेल्या पण शिकवण्याची तयारी असलेल्या मुलांसाठी उपदेशक वर्ग होता. त्यांची राहण्याजेवणाची सोय शाळा करायची आणि बदल्यात त्यांनी ठराविक वर्षं शिकून पुढे शिकवायचं. मुलींना आणि स्त्रियांनाही शिकवण्याची व्यवस्था होती, ही त्या काळात धाडसाची गोष्ट होती.

ज्याला स्वतःला वाचणं कठीण होतं, त्या माणसानं संगीत कागदावर उतरवण्यासाठी स्वतंत्र स्वरलेखन पद्धत तयार केली आणि क्रमिक पुस्तकं काढली. गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राहणं ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी ही पुस्तकं होती. आपल्याला कान उपयोगी पडला म्हणून सगळ्यांनी कानानंच शिकावं, असा हट्ट त्यांनी धरला नाही.

१९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. शिष्यांत ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, बी. आर. देवधर अशी मोठी नावं आहेत. कोल्हापूरचे शंकरराव व्यास आणि नारायणराव व्यास हे बंधूही त्यांच्याकडेच घडले.

सगळं सुरळीत झालं का?

नाही. मुंबईत शाळेसाठी मोठी इमारत उभी करताना कर्ज वाढत गेलं. ते फेडण्यासाठी पलुस्कर गावोगावी कार्यक्रम करत फिरायचे. शेवटी १९२० च्या दशकात इमारतीचा लिलाव झाला. ज्या माणसानं एका राजावर अवलंबून राहणं सोडलं, त्याच्याच संस्थेचा आर्थिक भार पुन्हा एका माणसावर, म्हणजे त्याच्या स्वतःवर, येऊन पडला होता. नाशिकला त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला होता. उत्तरायुष्यात ते रामभक्तीत रमले, काँग्रेसच्या अधिवेशनांत राष्ट्रगीतं गायले.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. मुलगा दत्तात्रेय, पुढचे प्रसिद्ध गायक डी. व्ही. पलुस्कर, तेव्हा अवघा १० वर्षांचा होता. त्याच वर्षअखेरीस शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. इमारत गेली होती, पण शिकवणारी माणसं गावोगावी पसरली होती. काम टिकलं ते त्यांच्यामुळे. १९७३ मध्ये टपाल खात्यानं पलुस्करांवर तिकीट काढलं.

याचा आजच्या दिव्यांगांशी काय संबंध?

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पलुस्करांनी दिव्यांगांसाठी चळवळ केली नाही. त्यांचं ध्येय संगीत होतं. पण स्वतंत्र जगणं म्हणजे काय, याचं उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडतं.

त्यांच्या जन्मानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकेत बर्कलीला एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या साथीदारांनी दिव्यांगांचं स्वतंत्र जीवन केंद्र सुरू केलं. पोलिओमुळे रॉबर्ट्स यांना हातपाय हलवता येत नव्हते, श्वासासाठीही यंत्र लागायचं. तरीही ते स्वतंत्र होते, कारण मदत कुणाची, कधी आणि कशी घ्यायची हे ते स्वतः ठरवायचे. स्वतंत्र जगणं म्हणजे मदतीशिवाय जगणं, ही समजूत त्या चळवळीनं मोडून काढली.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मान्य झाली. याच कायद्याच्या कलम ५ नुसार प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. अमुक एका ठिकाणीच राहा, अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही. वय आणि लिंग लक्षात घेऊन व्यक्तिगत मदतनीसासह आधारसेवा मिळाव्यात यासाठी सरकारनं प्रयत्न करायचे आहेत.

कोल्हापुरात हा विचार कायद्याच्या आधीच रुजला. नसीमा हुरजूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था सुरू केली. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलांना राहायला जागा, शिक्षण आणि कमाईचं साधन मिळावं, हा तिचा आग्रह होता.

मग प्रश्न उरतो तो कोणता?

पलुस्करांची गोष्ट आपण बहुतेक वेळा जिद्दीची म्हणून सांगतो. जिद्द होतीच. पण डॉक्टरांची सूचना, संस्थानिकांचा खर्च, गुरूंची विद्या, तिकीट काढणारे श्रोते आणि देणगीदार ही साखळी वगळली तर ती जिद्द कुरुंदवाडच्या एका घरातच राहिली असती. गोड गळा नसलेली, पण तसाच अपघात झालेली किती मुलं त्या काळी अशीच घरात राहिली असतील, त्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत.

आज तुमच्या गल्लीत अशी एखादी मुलगी असेल, तर तिला फक्त गाणंच शिकवायचं का? तिला अकाउंट्स करायचे असतील, कोडिंग करायचं असेल, नाहीतर काहीच विशेष न करता स्वतःच्या खोलीत स्वतःच्या वेळेनं जगायचं असेल, तर त्यासाठी लागणारा रॅम्प, स्क्रीन रीडर, मदतनीस आणि बसमधली जागा तिला मिळते का? पलुस्करांना एकच दार उघडं मिळालं आणि त्यांनी ते हजारोंसाठी उघडं ठेवलं. बाकीची दारं उघडणं हे काम आता महापालिका, शाळा, कंपन्या आणि शेजारपाजारच्या आपल्यासारख्यांकडे आहे.