पंडिता रमाबाई व मद्यपाननिषेध

धाराशिवाहून आगगाडीने पुण्यास जाणारा आमचा व्यापारी कुर्डुवाडी व दौंड मागे टाकतो, तो थोड्याच वेळात केडगावचे स्थानक येते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन ते हेच. बाईंनी दुष्काळातील अनाथ मुली वाचविल्या आणि बाई ख्रिस्ती झाल्या, या दोन गोष्टींपलीकडे त्यांचे चरित्र आमच्या समाजाने फारसे वाचलेले नाही. त्या चरित्रातील एक दुर्लक्षित पान आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. कारण आमच्या जिल्ह्यातील अनेक संसार धुळीस मिळविणाऱ्या दारूच्या प्रश्नाशी त्याचा निकट संबंध आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी झाला. पत्नीस संस्कृत शिकविल्याबद्दल शास्त्रीबोवांनी स्वजनांचा रोष पत्करला होता. त्या मातेनेच पुढे मुलीस पढविले. तीर्थाटन करीत असता दुष्काळाने आईबाप व थोरली बहीण नेली. भावासह देशभर भटकत बाई १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या, आणि तेथील विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी विवाह झाला आणि १८८२ साली वैधव्य आले. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, १८८३ साली त्या इंग्लंडात गेल्या व तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास म्हणून त्या अमेरिकेस गेल्या, त्या सुमारे तीन वर्षे तेथेच राहिल्या.

तेथे त्यांच्या दृष्टीस जे पडले तेच आजच्या लेखाचे प्रयोजन होय. ओहायो संस्थानातील हिल्सबरो या लहानशा गावी १८७३ च्या डिसेंबरात स्त्रिया प्रार्थनामंदिरातून निघाल्या आणि दारूच्या दुकानांपुढे जाऊन, गुडघे टेकून प्रार्थना करू लागल्या. दुकानदारास शिव्या नाहीत, पिणाऱ्यास मार नाही. दुकान बंद करा एवढीच विनवणी. हे लोण गावोगाव पसरले व १८७४ साली ख्रिस्ती स्त्रियांचा मद्यनिषेध संघ निघाला. संघाच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी रमाबाईंचा स्नेह जडला व त्या संघाच्या कार्यात सामील झाल्या. स्वदेशी परतल्यावर १८८९ साली त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या संघाची हकीकत आपल्या भगिनींसाठी विस्ताराने दिली आहे.

त्या हकीकतीचे मर्म काय? संघाच्या स्त्रिया केवळ व्याख्याने देऊन थांबल्या नाहीत. शपथ घेणाऱ्याच्या पाठीशी माणसे उभी राहिली, त्याच्या मुलांसाठी शाळा निघाल्या, तुरुंगातील कैद्यांची विचारपूस झाली. व्यसनी मनुष्य एकटा पडतो म्हणून पुन्हा गुत्त्यावर जातो. कारण तेथे त्यास कोणी तरी या, बसा म्हणते. ते आदरातिथ्य गुत्त्याहून सरस अशा मंडळीने केले तरच त्याचे पाऊल वळते, असा याचा अर्थ आम्ही करतो.

येथे वाचक एक रास्त शंका काढतील. ज्या राज्यकर्त्यांनी आमच्या देशात अबकारीचे उत्पन्न फुगविले व अफूचा व्यापार चालविला, तेही ख्रिस्तीच ना? खरे आहे. परंतु त्याच अफूविरुद्ध इंग्लंडात जाऊन व्याख्याने देणाऱ्या सुंदराबाई पवार या मराठी ख्रिस्ती बाई रमाबाईंच्याच सहकारी होत्या. स्वतः रमाबाई १८८९ च्या मुंबईच्या राष्ट्रीय सभेस प्रतिनिधी म्हणून हजर होत्या. राज्यकर्त्यांचा धर्म तो आपला धर्म, म्हणून त्यांचा अन्यायही आपला, असे या स्त्रियांनी मानले नाही.

शारदासदनातील धर्मांतराच्या वादावरून १८९३ साली पुण्यात मोठा गहजब झाला व केसरीने बाईंवर कडक टीका केली. आश्रितांच्या धर्मावर दडपण नको हे तत्त्व आम्हांस आजही मान्य आहे. परंतु त्या रागात आम्ही बाईंचे सर्वच कार्य अव्हेरले, यात तोटा आमचाच झाला. गंमत अशी की, १९०८ साली पुण्यात राष्ट्रीय पक्षाच्या स्वयंसेवकांनी गुत्त्यांपुढे उभे राहून गिऱ्हाइकांस परतविले, तो मार्ग हिल्सबरोच्या स्त्रियांहून फारसा वेगळा नव्हता. रमाबाई १९२२ साली केडगावी निवर्तल्या.

आम्ही कायद्याचे पदवीधर. तरी सांगतो की, कायदा एकटा पुरत नाही. अमेरिकेने १९२० साली दारूबंदी केली व १९३३ साली ती उठविली. पुढे दोनच वर्षांनी, १९३५ साली, त्याच ओहायोतील अ‍ॅक्रन शहरी दोन व्यसनी गृहस्थ एका ख्रिस्ती मंडळीच्या ओळखीतून एकत्र आले व एकमेकांच्या आधाराने सुटले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणून आज जगभर पसरलेल्या सभांचा उगम तो. जे शिपायास साधले नाही ते सोबत्यास साधले. आमच्या प्रांतीही १९४९ चा दारूबंदीचा कायदा पुस्तकात आहे आणि परवान्याची दुकाने रस्त्यावर आहेत.

मग धाराशिवकरांनी करावे काय? धर्म बदलण्याची गरज नाही. मंडळी जमविण्याची आहे. पंढरीची माळ गळ्यात घालून दारू सोडणारे आमच्या गावोगाव आहेत. दिंडीचा सोबती त्यांस सावरतो, हाच तो मार्ग. शिवाय २००८ च्या नियमांनी गावातील पाव हिस्सा स्त्री-मतदारांस दारूच्या दुकानावर गुप्त मतदान मागता येते, आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांनी आडव्या बाटलीस मत दिले तर दुकान बंद होते. परंतु दुकान बंद झाल्यावर त्या संध्याकाळी पिणाऱ्याने जावे कोठे, याचे उत्तर मतपेटीत नाही.

ते उत्तर पेठेतील व्यापाऱ्यांनी द्यावे. आपल्या हमालास, गाडीवानास, मुनिमास हिशेबाच्या दिवशी पैसे मोजून देताना ते कोठे जातात हे आपणांस ठाऊक असते. प्रत्येक पेठेत एक खोली, एक चटई, चहाची किटली आणि रोज सायंकाळी बसणारी चार भली माणसे, एवढा खर्च अडतीच्या एका दुकानास जड नाही. अनाथ झालेली एक मुलगी परक्या मुलखातून हा धडा शिकून आली व तो तिने आमच्याच भाषेत लिहून ठेवला. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आम्ही तो वाचला नाही. आता तरी वाचावा.