सायकलींचे दुकानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर

सकाळची घंटा होण्यापूर्वी आमच्या शाळेच्या कुंपणाशी सायकलींची जी रांग लागते, ती न्याहाळीत उभे राहण्याचा आम्हांस फार वर्षांचा नाद आहे. कोणी उल्हास नदी ओलांडून कर्जत स्टेशनाच्या बाजूने दहिवलीस येतो, कोणी भातखाचरांमधल्या आडवाटेने. एकाची बैठक इतकी उंच की पायडल खाली गेले म्हणजे टाच सुटते. दुसऱ्याची साखळी करकर वाजते. तिसरीच्या सायकलीचे ब्रेक केवळ शोभेपुरते. या सायकली विकत घेतल्या आहेत खऱ्या, परंतु त्या स्वाराच्या अंगास बसवून घेतलेल्या नाहीत. रोज दोन कोस जायचे-यायचे म्हटले की हा भेद लहान राहत नाही. यंदा वार्षिकासाठी कोणाचे चरित्र लिहावे असा विचार करीत असता, ज्यांच्या अवघ्या उद्योगाचा आरंभच एका सायकलींच्या दुकानात झाला, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण आम्हांस या रांगेनेच करून दिली.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या खेड्यात झाला. संगीत नाटकांचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते, आणि मुलानेही ग्रंथांत रमावे असे त्यांस वाटणे साहजिकच होते. पण मुलाचे चित्त पुस्तकात ठरत नसे. त्यास आवड होती दोन गोष्टींची: चित्रे काढण्याची आणि यंत्रे पाहण्याची. वडिलांची इच्छा तितकीशी नसताही १८८५ साली ते मुंबईस जाऊन जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. वडील बंधू रामूअण्णा यांचे पाठबळ त्यांस होते.

दोन वर्षे अभ्यास झाल्यावर असे आढळून आले की त्यांच्या दृष्टीस काही रंगांतील भेदच ओळखू येत नाही. ज्याने चित्रकार होण्यासाठी घरच्यांचा रोष पत्करला, त्यास आपल्याच डोळ्यांनी असा दगा द्यावा, याहून मोठी निराशा ती कोणती! आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी एका विषयात नापास झाला तर आठवडाभर जेवणावर रुसतो. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा धरून ठेवली. यंत्रांची मापशीर रेखाचित्रे काढण्यास रंगांची गरज नसते. त्या विद्येच्या जोरावर त्यांस मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची जागा मिळाली. ती संस्था १८८७ साली निघालेली, म्हणजे अगदी नवी होती. तेथील कारखान्यात यंत्रे होती, आणि शिकवण्याचे तास संपले की हा शिक्षक स्वतःच विद्यार्थी होऊन त्यांच्यापाशी उभा राही.

याच सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर सायकल दिसू लागली होती. तत्पूर्वीची सायकल म्हणजे पुढे पुरुषभर उंचीचे चाक व मागे एक चिमुकले चाक, असा काहीसा विदूषकी प्रकार होता. १८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहरी जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची आणि साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल बाजारात आणली. १८८८ साली बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून त्यांनी ही युक्ती काढली होती. आणि त्याच १८८८ साली बेळगावास किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान निघाले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, तरी सन जुळते हे पाहून आम्हांस मौज वाटते.

व्यवस्था अशी होती की लक्ष्मणरावांनी नोकरी सांभाळून मुंबईस सायकली खरेदी करून पाठवाव्यात आणि रामूअण्णांनी त्या बेळगावास विकाव्यात. मुंबईहून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग आमच्या कर्जतवरूनच घाट चढतो. त्यांपैकी ज्या आगगाडीने गेल्या असतील, त्या सायकली याच स्टेशनावरून पुढे गेल्या असल्या पाहिजेत. त्या काळी एका सायकलीस शेकडो रुपये पडत, आणि ती घेणारास चढता-उतरताही येत नसे. म्हणून रामूअण्णा गिऱ्हाइकास सायकल विकीत आणि फी घेऊन ती चालवण्यासही शिकवीत. शास्त्र्यांच्या घरातील मुलांनी दुकान मांडावे, तेल-ग्रीसने हात काळे करावेत, हे तेव्हाच्या पांढरपेशा समाजाला मानवणारे नव्हते. पण सायकल विकणारास ती दुरुस्त करता आली पाहिजे, आणि दुरुस्त करायची तर ती उकलता आली पाहिजे, यास इलाज नव्हता.

येथे थोडे विषयांतर करण्याची वाचकांनी आम्हांस मुभा द्यावी, कारण सायकल उकलून जोडणारास जे कळते ते नुसत्या स्वारास कळत नाही, आणि पालकांनी ते जाणून घेणे अगत्याचे आहे.

आमच्या बालपणी घरात वडिलांची चोवीस इंची सायकल होती. आम्ही नळीखालून पाय घालून कैची चालवीत असू. पुढे बैठकीवर बसू लागलो तरी माप काही जुळेना, आणि दहावीच्या वर्षी गुडघा असा धरला की महिनाभर पायी शाळेस जावे लागले. आज पाहतो तो पालक सदऱ्याप्रमाणे सायकलही वाढत्या अंगाची घेतात. सदरा ढगळ असला तर लोक हसतात. सायकल ढगळ असली तर मूल पडते. बावीस इंची सांगाडा घेऊन बैठक दरवर्षी थोडी वर करावी, हे उत्तम. बैठकीचे माप काढणे अगदी सोपे आहे. स्वाराने भिंतीस हात टेकून बसावे, पायडल अगदी खाली आणावे व त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ व्हावा, पण कंबर एका अंगास झुकू नये. चालवताना टाचेच्या जागी चवडा आला की गुडघ्यास हवा तेवढा बाक आपोआप मिळतो. बैठकीची दांडी कितीही वर केली तरी निदान अडीच इंच नळीच्या आत राहिली पाहिजे, नाही तर ती एके दिवशी मोडते.

दुसरी गोष्ट दात्यांची. पुढच्या चक्रास ४४ दाते, मागच्यास १८ आणि चाक २८ इंची असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १८ फूट पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे ठीकच आहे. पण ज्या मुलास रोज चढ चढायचा आहे, त्याने मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवून घ्यावे. मग एका फेऱ्यात साडेचौदा फूटच जाणे होते, पाय अधिक वेळा फिरवावे लागतात, परंतु चढावर उतरून सायकल ढकलण्याची पाळी येत नाही. साखळी मात्र एखादी कडी वाढवावी लागते. तिचा ताण असा असावा की मध्यभागी बोटाने दाबली असता अर्धा इंच हलावी. याहून सैल असली तर निसटते, ताठ असली तर छर्रे खाते.

आमच्याकडील पावसाविषयी वेगळे सांगावयास नको. पोलादी रिम ओली झाली म्हणजे ब्रेकचे रबर पहिल्या काही फेऱ्यांत नुसते पाणी पुसते, धरीत नाही. म्हणून पावसात उतार लागण्यापूर्वीच दोन्ही ब्रेक हलके दाबावयास लागावे. उतारावर एकटा पुढचाच ब्रेक आवळणारा डोक्यावर पडतो. मडगार्डच्या खालच्या टोकास रबराचा पट्टा लावला तर चिखल पायावर व साखळीवर उडत नाही. भिजून घरी गेल्यावर साखळी फडक्याने कोरडी करावी, कडीकडीवर एक थेंब तेल सोडावे आणि वरचे जादा तेल पुसून टाकावे. तेल फार झाले की त्यात वाळू बसते व तीच दाते झिजवते. दप्तर हँडलला टांगू नये, मागे कॅरिअरला बांधावे. मुलींच्या सायकलींना साखळीवर पुरे कव्हर व मागच्या चाकास जाळी हवीच, कारण ओढणी चाकात जाण्यास क्षणही लागत नाही. चाकावर घासून चालणारा डायनामो सायकल थांबताच विझतो, यास्तव मागे तांबडी चकतीही असू द्यावी. टायर अंगठ्याने दाबून पाहणे पुरेसे नव्हे. स्वार बसल्यावर तो किती चपटा होतो हे दुसऱ्याने पाहावे. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून त्यात हवाही जास्त. एका मोठ्या गावच्या दुकानात आम्ही नवी सायकल घेतली, तेव्हा यांतील एकही गोष्ट आम्हांस कोणी सांगितली नाही. पैसे मोजून घेतले आणि सायकल हाती दिली, इतकेच. असो.

लक्ष्मणराव मुंबईस शिकवीत राहिले असते तर कदाचित त्यांचे नाव आज कोणास ठाऊकही नसते. हक्काची बढती त्यांस न देता ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. हा अपमान त्यांनी गिळला नाही. १८९७ साली राजीनामा देऊन ते बेळगावास आले आणि भावाच्या जोडीने दुकानात उभे राहिले. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठावीस होते. सरकारमान्य संस्थेतील पगार सोडून सायकलींच्या दुकानात यावयाचे, हे धाडस होते यात संशय नाही. आम्ही स्वतः पगारावर जगणारे आहो, म्हणून ते आम्हांस थोडे अधिकच जाणवते.

दुसऱ्यांनी केलेली यंत्रे विकणे आणि दुरुस्त करणे यांवर त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी गुरांसाठी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले, आणि मग लोखंडी नांगर हाती घेतला. नांगर चांगला असूनही शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीस विष चढते अशी त्यांची समजूत होती. आज या समजुतीस हसणे सोपे आहे. पण ज्याचे वर्षाचे पोट एका पिकावर अवलंबून, तो अनोळखी वस्तूपुढे बिचकला तर त्यास दोष कसा द्यावा? सायकलीचे गिऱ्हाईक शिकवणी घेऊन तरी तयार होई. नांगराच्या गिऱ्हाइकाची खात्री पटण्यास वर्षे लागली. लक्ष्मणरावांनी तेवढी वाट पाहिली.

धंदा जरा स्थिरावतो तोच दुसरा घाला आला. गावाची वाढ करावयाची म्हणून बेळगावच्या नगरपालिकेने त्यांस कारखान्याची जागा सोडावयास लावले. त्या समयी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांजकडे लक्ष्मणराव देवालयाच्या मंडपाच्या बांधकामाचे काम करीत होते. राजेसाहेबांनी आपल्या राज्यात कोठेही जागा निवडण्याची मोकळीक दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला ओसाड माळ लक्ष्मणरावांनी पसंत केला. पाणी कमी, सावली नाही, सापविंचू पुष्कळ! मात्र रेल्वे जवळ होती, आणि जड लोखंडाचा व्यापार करणारास ती झाडाझुडपांपेक्षा प्रिय. १९१० साली तेथे वसलेली किर्लोस्करवाडी ही आपल्या देशातील पहिल्या कारखानदारी वसाहतींपैकी एक होय. वाडीत स्पृश्य-अस्पृश्य हा भेद त्यांनी चालू दिला नाही. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांस त्यांनी राखणदारीचे काम दिले, आणि त्या माणसांनी तो विश्वास राखला. पुढे त्या स्टेशनाचेही नाव बदलून किर्लोस्करवाडी झाले.

नंतरची हकीकत पुष्कळांस माहीत आहे. पुतणे शंकरराव यांनी १९२० साली वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढले व ते पुढे महाराष्ट्रात घरोघर पोचले. पुत्र शंतनुराव यांनी कारभार वाढविला. १९४६ साली पुण्यास तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा कारखाना निघाला. लक्ष्मणराव हे सर्व पाहून २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. १९६९ साली त्यांच्या जन्मास शंभर वर्षे झाली तेव्हा भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. बेळगावास त्यांच्या दुकानाच्या जागी आता तो धंदा नाही, परंतु गावातील एका गजबजलेल्या रस्त्यास लोक अजून किर्लोस्कर रोड असेच म्हणतात.