नांगरवाले लक्ष्मणराव



बेळगावात खरेदीसाठी गेलो म्हणजे किर्लोस्कर रोडवर आपले पाऊल पडतेच. ज्या घराण्याचे नाव या रस्त्याला आहे, त्या घराण्यातील एका कष्टाळू पुरुषाची ओळख शब्बाथशाळेतील मुलांना व्हावी म्हणून हे चार शब्द.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेची ओढ होती म्हणून ते १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. परंतु काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, असे त्यांना तेथे आढळून आले. चित्रकाराला याहून मोठा धक्का कोणता? पण ते रडत बसले नाहीत. रंगांची गरज नसलेले यंत्रांचे रेखाटन ते शिकले व मुंबईच्या तांत्रिक शाळेत तोच विषय शिकवू लागले.

इकडे बेळगावात थोरले बंधू रामूअण्णांच्या साथीने १८८८ साली सायकलींचे दुकान सुरू झाले होते. पुढे बढतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावलण्यात आले, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास आले. कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर ते बनवू लागले. पण लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. एवढा काळ पदरी निराशा येऊनही त्यांनी हातातील काम टाकले नाही.

जम बसतो न बसतो तोच बेळगावची जागा सोडावी लागली. त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन देऊ केली. माळ उजाड, निवडुंगाने भरलेला, सापांचा सुळसुळाट. मार्च १९१० मध्ये तेथे कारखान्याची सुरुवात झाली. पत्नी राधाबाई, मुले, भाऊ, पुतणे सर्वांनी त्या माळाला आपले घर मानले. तीच आजची सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. तेथे लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना, ज्यांना कोणी दारात उभे करीत नसे, त्यांनाच त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले!

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा त्यांना दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. हे वाचताना यशया संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायाची आठवण कोणाला होणार नाही?

थोरले चिरंजीव शंतनुराव यांना त्यांनी शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविले. १९२६ साली पदवी घेऊन ते परतले आणि वडिलांच्याच कारखान्यात कामाला लागले. पुढे त्यांनी उद्योग कितीतरी वाढविला. लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

लक्ष्मणराव आपल्या धर्माचे नव्हते. तरी त्यांचे आयुष्य आपल्याला एक प्रश्न विचारते. अधू नजर, नापीक माळ, गंजलेल्या तोफा, तुरुंगातून आलेली माणसे, असे जे जे जगाने टाकाऊ ठरविले ते त्यांनी उपयोगी आणले. आपण काय करतो? तुरुंगातून सुटलेला मनुष्य उपासनेला आला तर त्याच्या शेजारची जागा रिकामी का राहते? नापास झालेल्या मुलाला आपण मागच्या बाकावर का विसरतो?

शिक्षक बंधुभगिनींनो, येत्या रविवारी वर्गात ही गोष्ट अवश्य सांगा. आणि सांगण्यापूर्वी मागच्या बाकावर कोण बसले आहे, ते एकदा पाहा.