बॉब विडलार

रॉबर्ट जॉन विडलार (जन्म : क्लीव्हलंड, ओहायो, ३० नोव्हेंबर १९३७; मृत्यू : मेक्सिको, २७ फेब्रुवारी १९९१) हे अमेरिकन इलेक्ट्रॉनिक्स अभियंते होते. एकाच सिलिकॉन चकतीवरील क्रियात्मक प्रवर्धक (ऑप-अॅम्प) व्यवहारात आणण्याचे श्रेय मुख्यतः त्यांना दिले जाते.

विडलार यांचे वडील नभोवाणी केंद्रात अभियंते होते. हवाई दलातील नोकरीनंतर विडलार १९६३ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि त्याच वर्षी फेअरचाइल्ड कंपनीत रुजू झाले.

'''क्रियात्मक प्रवर्धक'''

ऑप-अॅम्प दोन निविष्टींच्या व्होल्टतेतील फरक हजारो पटींनी वाढवतो. बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात तापमान मोजणारे थर्मोकपल जेमतेम काही मिलिव्होल्ट देते. तो संकेत वापरण्याजोगा करण्याचे काम ऑप-अॅम्पचे. उत्पादिताचा काही भाग ऋण निविष्टीला परत दिला, म्हणजे ऋण पुनर्भरण केले, की लाभांक बाहेरील दोन रोधांच्या गुणोत्तरावर ठरतो. प्रवर्धकाचा स्वतःचा लाभांक किती, याला मग फारसे महत्त्व उरत नाही. पूर्वी हे मंडल निर्वात नलिकांनी आणि पुढे सुट्या ट्रान्झिस्टरांनी बनत असे.

सिलिकॉनवर अचूक मूल्याचे रोध बनवणे कठीण होते आणि मोठे रोध फार जागा व्यापत. मात्र शेजारी घडवलेले दोन ट्रान्झिस्टर जवळजवळ तंतोतंत सारखे निघत. सुट्या घटकांचे मंडल जसेच्या तसे चकतीवर उतरवण्याऐवजी विडलार यांनी या सारखेपणावरच मांडणी केली. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा धारास्रोत लहान रोध वापरून काही मायक्रोअँपिअर इतकी अल्प धारा देतो. प्रक्रिया अभियंते डेव्ह टॅल्बर्ट यांच्या साहाय्याने त्यांनी १९६४ मध्ये ७०२ आणि १९६५ मध्ये ७०९ हे प्रवर्धक सिद्ध केले. सुमारे ४५,००० लाभांकाचा ७०९ विलक्षण खपला. तो निर्दोष मात्र नव्हता : उत्पादित लघुपरिपथित झाल्यास तो जळे, आणि दोलने थांबवण्यासाठी बाहेरून अनेक घटक जोडावे लागत.

हे दोष विडलार यांनीच दूर केले, पण प्रतिस्पर्धी कंपनीत. नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये त्यांनी घडवलेल्या एलएम१०१ ला (१९६७) बाहेरून एकच संधारित्र पुरे. पुढच्याच वर्षी फेअरचाइल्डच्या डेव्ह फुलागर यांनी ३० पिकोफॅरडचे संधारित्र चकतीतच बसवून ७४१ तयार केला. महाविद्यालयीन प्रयोगशाळांत आजही वापरला जाणारा ७४१ पुष्कळदा विडलार यांच्या नावावर सांगितला जातो. ते बरोबर नाही.

'''उत्तरायुष्य'''

विडलार मद्यपी व विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध होते. कंपनीने हिरवळ कापणे थांबवल्यावर त्यांनी तेथे मेंढी आणून बांधली, ही कथा बहुधा त्यांच्या मंडलांहून अधिक सांगितली जाते. १९७० च्या अखेरीस, ३३ व्या वर्षी, ते नोकरी सोडून मेक्सिकोत राहू लागले. पुढे सल्लागार म्हणून त्यांनी १.१ व्होल्टवरही चालणारा एलएम१० घडवला. १९८१ मध्ये ते लिनिअर टेक्नॉलॉजीच्या संस्थापकांपैकी एक होते, परंतु तेथेही फार काळ टिकले नाहीत. हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. २००९ मध्ये त्यांना अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात मरणोत्तर स्थान मिळाले.