चंद्रशेखर वेंकट रामन

सर चंद्रशेखर वेंकट रामन (७ नोव्हेंबर १८८८, तिरुचिरापल्ली – २१ नोव्हेंबर १९७०, बंगळूर) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ होते. प्रकाशाच्या प्रकीर्णनावरील संशोधनासाठी त्यांना १९३० सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानातील नोबेल मिळवणारे ते पहिले आशियाई होत.

शिक्षण आणि पदके

रामन यांचे वडील चंद्रशेखर अय्यर विशाखापट्टणम येथील महाविद्यालयात गणित व भौतिकशास्त्र शिकवीत. रामन यांनी मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९०४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते बी.ए. परीक्षेत पहिले आले आणि त्यांना भौतिकशास्त्र व इंग्रजी या विषयांची सुवर्णपदके मिळाली. १९०६ मध्ये, विद्यार्थी असतानाच, त्यांचा प्रकाशाच्या विवर्तनावरील पहिला शोधनिबंध लंडनच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझीन'मध्ये प्रसिद्ध झाला. १९०७ मध्ये त्यांनी एम.ए. पदवी सर्वोच्च श्रेणीत मिळवली.

अर्थखात्यातील नोकरी

सुवर्णपदकामुळे संशोधनाची वाट मात्र खुली झाली नाही. भारतात संशोधकांसाठी जागा फार थोड्या होत्या आणि प्रकृतीच्या कारणावरून डॉक्टरांनी रामन यांना इंग्लंडला जाण्यास मनाई केली होती. त्यामुळे थोरल्या भावाप्रमाणे त्यांनीही अर्थखात्याची स्पर्धा परीक्षा दिली. तीतही ते पहिले आले आणि १९०७ मध्ये कलकत्त्यात हिशेब खात्याचे अधिकारी झाले. कचेरीच्या वेळेआधी व नंतर ते इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत प्रयोग करीत. १९०९ मध्ये रंगून आणि १९१० मध्ये मध्य प्रांताची राजधानी नागपूर येथे बदली झाल्याने ही प्रयोगशाळा त्यांच्यापासून दुरावली. १९११ मध्ये ते कलकत्त्यास परतले. १९१७ मध्ये कमी वेतन स्वीकारून ते कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापक झाले.

रामन परिणाम

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन यांनी के. एस. कृष्णन यांच्या साहाय्याने नवा परिणाम निश्चित केला. पारदर्शक पदार्थातून जाताना प्रकाशाचा अल्पसा भाग रेणूंशी ऊर्जेची देवाणघेवाण करतो व त्याची तरंगलांबी बदलते. हा बदल पदार्थागणिक वेगळा असल्याने त्यावरून रेणूंची रचना ओळखता येते.

बंगळूर

१९३३ मध्ये रामन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या कमला भागवत (नंतरच्या सोहोनी) यांनी तेथे प्रवेशासाठी अर्ज केला. रसायनशास्त्र हा मुख्य व भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन त्या बी.एस्‌सी.च्या गुणवत्ता यादीत पहिल्या आल्या होत्या. तरीही स्त्री असल्याच्या कारणावरून रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी आग्रह सोडला नाही, तेव्हा एक वर्षाच्या परीक्षणाच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले व पुढे संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. कमला सोहोनी यांनी १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

सन्मान आणि स्मृती

रामन यांना १९२४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९२९ मध्ये 'सर' हा किताब आणि १९५४ मध्ये भारतरत्न मिळाले. २८ फेब्रुवारी हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. नागपुरात धंतोलीपासून जवळच, गांधीसागर तलावाजवळ असलेल्या विज्ञान केंद्राला त्यांचे नाव दिले आहे.