अपरात्रीची थाप आणि कस्तुरबा

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र देण्याची प्रथा आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले आणि मी कस्तुरबा गांधींचे नाव सुचविले, तेव्हा एकदोघी भगिनींनी विचारले की, त्यांची माहिती तर शाळेतल्या मुलींनाही असते, त्यात निराळे काय लिहिणार? निराळे असे काही नाही. परंतु ही चरित्रे वाचताना एक गोष्ट माझ्या मनात नेहमी येते. रात्री-अपरात्री पोलीस दाराशी येतात, ते घरातील कर्त्या पुरुषाचे नाव पुकारतात, त्याला घेऊन जातात, आणि इतिहासात त्याच्या अटकेची तारीख नोंदली जाते. पण त्याच्यामागे दार लावून घेऊन उरलेली रात्र काढायची असते ती घरच्या बाईला. तिची नोंद कोण ठेवतो? कस्तुरबांच्या आयुष्यात अशा रात्री एकदा नव्हे, अनेकदा आल्या. त्या रात्रींच्या अनुरोधाने त्यांचे चरित्र सांगावे असे मी योजिले आहे.

कस्तुरबांचा जन्म १८६९ साली काठेवाडातील पोरबंदर येथे झाला. वडील गोकुळदास माकनजी हे तेथील सधन व्यापारी. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलीला शाळा नव्हती. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. नवरा वयाने थोडासा लहानच. पहिले मूल जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेले. पुढे हरिलाल, मणिलाल, रामदास आणि देवदास असे चार मुलगे झाले. १८८८ मध्ये पती बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस गेले, तेव्हा हरिलाल तान्हा होता. येथवरची कथा त्या काळच्या कोणाही खात्यापित्या घरच्या सुनेची आहे.

पोलीस आणि रात्र यांची त्यांच्याशी पहिली गाठ पडली ती परमुलखात. १८९६ च्या अखेरीस गांधीजी बायकोमुलांना घेऊन दक्षिण आफ्रिकेत निघाले. दरबानच्या बंदरात गोऱ्या लोकांनी त्यांच्याविरुद्ध रान उठविले होते. २३ दिवस कोणाला बोटीवरून उतरू दिले नाही. १३ जानेवारी १८९७ रोजी बा, दोन मुलगे आणि भाचा यांना गाडीत बसवून पुढे पारशी रुस्तमजी यांच्या घरी पाठविले. मागून पायी येणाऱ्या गांधीजींना जमावाने गाठून बेदम मारले. पोलीस सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर यांची पत्नी योगायोगाने तेथून जात होती. तिने आपली छत्री मध्ये धरून त्यांचा जीव वाचविला. अंधार पडल्यावर तोच जमाव रुस्तमजींच्या घराला वेढा घालून बसला. तेव्हा अलेक्झांडर साहेब स्वतः दाराशी येऊन उभे राहिले, आणि त्यांच्या सल्ल्यावरून गांधीजी हिंदी शिपायाचा वेष करून निसटले. बाहेर जमाव ओरडतो आहे, पती वेषांतर करून अंधारात गेला आहे आणि आपण मुलांना घेऊन परक्याच्या घरात बसलो आहोत, अशी ती बांची दरबानमधील पहिली रात्र. त्या रात्री पोलीस आले ते रक्षणासाठी. पुढच्या आयुष्यात तसे घडायचे नव्हते.

१९०८ पासून दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रहाचे आणि तुरुंगवासाचे दिवस सुरू झाले. पती तुरुंगात, थोरला हरिलाल वारंवार तुरुंगात. त्याच वर्षी नोव्हेंबरात फिनिक्सच्या आश्रमात बा अत्यवस्थ झाल्या. दंड भरला असता तर गांधीजींना सुटून येता आले असते, पण त्यांनी तो भरला नाही. त्यांनी तुरुंगातून पत्र पाठविले. हे वाचताना आपल्या मनात राग येतो, मलाही आला. देशाचे कार्य थोर खरेच, परंतु अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या बाजूने पाहिले म्हणजे त्या थोरपणाची किंमत कोण भरत होते ते कळते.

मात्र बा केवळ किंमत भरीत राहिल्या नाहीत. १९१३ च्या मार्चमध्ये तेथील न्यायालयाने असा निकाल दिला की, ख्रिस्ती पद्धतीने न झालेली लग्ने कायद्याला मान्य नाहीत. म्हणजे हजारो हिंदी स्त्रिया एका निकालाने लग्नाच्या बायका राहिल्या नाहीत. हा प्रश्न बांच्या स्वतःच्या कुंकवाचा होता. सप्टेंबरात फिनिक्सहून सोळा जणांची तुकडी परवान्याशिवाय सरहद्द ओलांडण्यास निघाली, तीत चार स्त्रिया होत्या आणि त्यांत बा होत्या. तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. सुटून आल्या तेव्हा अंगावर केवळ हाडे उरली होती. चव्वेचाळीस वर्षांची, लिहिण्यावाचण्याचा फारसा सराव नसलेली, सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई आपल्या हक्कासाठी तुरुंगात जाऊन आली, तेव्हा हिंदुस्थानातील फार थोड्या स्त्रियांनी असे पाऊल टाकले होते.

१९१५ मध्ये मंडळी हिंदुस्थानात परतली. चंपारण्यात बांनी खेडोपाडीच्या बायकांना स्वच्छतेचे धडे दिले. त्या कामात मुंबईच्या अवंतिकाबाई गोखलेही होत्या, हे आपण महाराष्ट्रीय भगिनींनी अभिमानाने लक्षात ठेवावे. यापुढच्या काळात पोलिसांचे पाऊल दाराशी वाजू लागले ते साबरमतीला. १० मार्च १९२२ च्या रात्री, साडेदहाच्या सुमारास, अहमदाबादचे पोलीस अधिकारी आश्रमाशी आले. सर्वांनी मिळून प्रार्थना म्हटली, गांधीजींनी पांघरुणे आणि थोडी पुस्तके घेतली आणि ते निघाले. बा त्यांच्याबरोबर साबरमती तुरुंगाच्या दारापर्यंत गेल्या. आठ दिवसांनी सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर बांनी देशाला उद्देशून निवेदन काढले. त्यात आपले दुःख थोडे आणि काम फार होते : परदेशी कापड टाका, चरखा चालवा.

सरकार अशा कामासाठी रात्रच का निवडीत असे, याचा आपण विचार करतो काय? दिवसा माणसे जमतात, घोषणा होतात. रात्री शेजारीपाजारी निजलेले असतात, आणि अर्धवट झोपेतल्या माणसाचे मन कच्चे असते. ५ मे १९३० रोजी दांडीजवळच्या कराडी गावी मध्यरात्रीनंतर पाऊण वाजता गांधीजींना झोपेतून उठवून पकडले. वीसपंचवीस सशस्त्र शिपाई एका झोपडीतल्या निःशस्त्र म्हाताऱ्या माणसासाठी आले होते. आधार १८२७ सालच्या एका जुन्या कायद्याचा, ज्यात खटला चालविण्याची गरजच नव्हती. त्याच सकाळी आगगाडी बोरिवलीला थांबवून त्यांना मोटारीने यरवड्यास नेले. तीही युक्ती गर्दी चुकविण्याचीच.

४ जानेवारी १९३२ ची पहाट मुंबईतली. गावदेवीच्या लॅबर्नम रस्त्यावरील मणिभवनात गच्चीवर मंडळी झोपली होती. तीनच्या सुमारास पोलीस कमिशनर वर आले. तो सोमवार होता, म्हणजे गांधीजींचा मौनाचा वार. जे सांगायचे ते त्यांनी कागदावर लिहून सांगितले. तयारीला अर्धा तास मिळाला. तेवढ्यात प्रार्थना झाली, सामान बांधले गेले. बांच्या डोळ्यांना पाणी आले. काही चरित्रकार हे अश्रू लपवितात. मला तसे करावेसे वाटत नाही. लंडनहून पती परत येऊन जेमतेम आठवडा झाला होता, आणि इतक्या वेळा सोसल्यानेही काळीज दगडाचे होत नाही. थोर स्त्रियांना रडू येत नाही असे आपण मुलींना शिकविले, तर ज्या मुलीला रडू येईल ती स्वतःला दुबळी समजेल.

त्यानंतर काही दिवसांतच बा स्वतः तुरुंगात होत्या. त्या एका वर्षात त्यांना दोनदा शिक्षा झाली. सप्टेंबरात यरवड्याला गांधीजींचा उपवास सुरू झाला, तेव्हा बा साबरमतीच्या तुरुंगात कैदी होत्या, आणि तेथून त्यांना पतीजवळ आणण्यात आले. पुढच्या वर्षी साबरमतीचा आश्रम विसर्जित झाला. ३१ जुलै १९३३ च्या मध्यरात्रीनंतर अहमदाबादेत पुन्हा पोलीस आले. या खेपेस मात्र दार लावून मागे राहण्याची पाळी बांवर आली नाही. गांधीजींबरोबर त्यांनाही आणि तीसबत्तीस आश्रमवासीयांनाही पकडले. १९३९ साली माहेरच्या मुलखात, राजकोटात, प्रजेचा लढा पेटला, तेव्हा साठी उलटून दहा वर्षे झाली असूनही त्या आपण होऊन तेथे गेल्या आणि स्थानबद्ध झाल्या.

आता शेवटची रात्र. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गोवालिया टँकवरील सभा आटोपून मंडळी मलबार हिलवरील बिर्ला भवनात उशिरा परतली. अटकेची कुणकूण रात्रभर फोनवरून येत होती. पहाटे पाचच्या सुमारास पोलीस आले. वॉरंटे तिघांचीच होती : गांधीजी, महादेवभाई देसाई आणि मीराबेन. बांना इच्छा असेल तर बरोबर यावे, अशी मुभा होती. म्हणजे निवड त्यांच्यावर आली. पतीबरोबर जाणे सोपे होते, त्यांची प्रकृती ठीक नव्हती आणि मनही तिकडेच ओढत असणार. पण संध्याकाळी शिवाजी पार्कवर गांधीजींची सभा ठरली होती. ती आपण घ्यायची, असे ठरवून त्या मागे राहिल्या. दिवसभरात त्यांनी स्त्रियांसाठी संदेश सांगून लिहवून घेतला. संध्याकाळी सभेला निघतानाच त्यांना डॉ. सुशीला नय्यर यांच्यासह अटक झाली. आर्थर रोडच्या तुरुंगातून ११ ऑगस्टला त्यांना पुण्यास आगाखान राजवाड्यात नेण्यात आले.

त्या ऑगस्टात महाराष्ट्रातील किती घरांची दारे रात्री वाजली! माझ्या आत्याच्या सासरी झडती आली, तेव्हा घरात बायका आणि मुलेच होती. पत्रके कणगीत दाण्याखाली होती, आणि आत्याच्या सासूबाई शिपायांपुढे जात्याशी दळत बसल्या होत्या. त्या बाईंचे नाव कोठेही छापलेले नाही. बांचे चरित्र वाचताना मला अशा सगळ्या बायका आठवतात.

राजवाड्यात पोहोचल्यावर चारच दिवसांनी, १५ ऑगस्टला, महादेवभाई एकाएकी वारले. मुलासारखा वाढविलेला माणूस डोळ्यांदेखत गेला. कुंपणाच्या आतच त्यांचे दहन झाले, आणि बा पुढे त्या समाधीला देवळासारख्या मानीत. या बंदिवासात गांधीजी त्यांना वाचनाचे आणि भूगोलाचे धडे देत. सत्तरी ओलांडलेल्या बा पाटी घेऊन बसत, कधी कॅरम खेळत. १९४३ च्या अखेरीपासून हृदयविकार बळावला. २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, पतीच्या मांडीवर डोके ठेवून त्यांनी प्राण सोडला. त्यांच्यावर खटला झाला नव्हता, शिक्षा झाली नव्हती. तरी मरण आले ते तारेच्या कुंपणाआड. गांधीजींनी कातलेल्या सुताच्या साडीत त्यांचे दहन झाले. राख सावडताना हातातील पाच काचेच्या बांगड्या न फुटता मिळाल्या. आपल्या आयाबहिणींनी याला अहेवपणाचे पुण्य म्हटले. मला त्यात त्या बाईचा चिवटपणा दिसतो.

त्यांच्या स्मारकासाठी ७५ लाख रुपयांचा संकल्प झाला आणि लोकांनी त्याहून अधिक दिले. त्यातून खेड्यातील स्त्रिया व मुले यांच्यासाठी कस्तुरबा ट्रस्ट उभा राहिला. आगाखान राजवाडा १९६९ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. महादेवभाई आणि बा यांच्या समाध्या तेथे शेजारी शेजारी आहेत. मंडळाची सहल पुण्यास जाईल तेव्हा पर्वती, सारसबाग यांच्या जोडीला अर्धा दिवस तेथेही काढावा, आणि लेकीसुनांना बरोबर न्यावे, अशी माझी सर्व भगिनींना विनंती आहे.