एकशे आठ मिनिटांनंतर

दहावीच्या परीक्षेत मी आमच्या तालुक्यात पहिला आलो, तेव्हा गावात माझी मिरवणूक निघाली होती. गुलाल, हार, शाल, नारळ सगळे झाले. पुढे मी या महाविद्यालयात आलो आणि तेव्हापासून आजतागायत माझा क्रमांक पहिल्या दहांतही कधी लागला नाही. गावी गेलो की लोक मात्र माझी ओळख ‘दहावीला पहिला आलेला तो हा’ अशीच करून देतात. पूर्वी त्याचा अभिमान वाटे. आता ओशाळल्यासारखे होते.

अशाच मनःस्थितीत एका दुपारी ग्रंथालयात युरी गागारिनचे एक जुने चरित्र हाती लागले. अवकाशात जाणारा पहिला मानव, एवढेच मला त्याच्याविषयी ठाऊक होते. पुस्तक उघडले ते उड्डाणाची हकीगत वाचण्यासाठी. पण मनात घर करून राहिली ती उड्डाणानंतरची सात वर्षे. मित्रहो, त्याच गागारिनची ओळख आपणांस करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

युरीचा जन्म 9 मार्च 1934 रोजी रशियाच्या स्मोलेन्स्क प्रांतातील क्लुशिनो या खेड्यात झाला. वडील सुतारकाम करीत, आई सामुदायिक शेतीवर दूधदुभत्याचे काम पाही. चार भावंडांत युरी तिसरा. 1941 च्या सप्टेंबरात तो शाळेत जाऊ लागला आणि थोड्याच दिवसांत जर्मन फौजा गावात शिरल्या. गागारिन कुटुंबाचे घर त्यांनी बळकावले. मग वडिलांनी मागच्या अंगाला जमीन खणून एक भुयारवजा खोपटे केले आणि जवळजवळ पावणेदोन वर्षे सारे कुटुंब त्या मातीच्या बिळात राहिले. थोरला भाऊ व बहीण यांना जर्मनांनी वेठबिगारीसाठी पकडून नेले. ती दोघे युद्ध संपल्यावरच परतली. त्याच दिवसांत गावाजवळ एक रशियन लढाऊ विमान कोसळले. त्याच्या वैमानिकाला न्यायला दुसरे विमान आले. गावातली पोरे त्यांच्याभोवती जमली, त्यांत युरीही होता. विमानाचे वेड त्याला लागले ते तेव्हा.

परंतु गरिबाच्या पोराला एकदम विमान कुठून मिळणार? युद्धानंतर कुटुंब जवळच्याच ग्झात्स्क गावी आले. पंधराव्या वर्षी युरी मॉस्कोजवळच्या ल्युबेर्त्सी येथे ओतकाम शिकायला गेला. भट्टीपुढे उभे राहून वितळलेल्या लोखंडाचे साचे भरायचे, हे त्याचे पहिले काम. तिथून 1951 साली तो व्होल्गाकाठच्या सारातोव शहरी तंत्रशाळेत गेला. तिथे एक वैमानिक मंडळ होते. दिवसा शिक्षण आणि उरल्या वेळात उड्डाण, असे करीत 1955 साली त्याने पहिल्यांदा एकट्याने विमान चालवले.

पुढे ओरेनबुर्गच्या हवाईदल विद्यालयात एक गंमतीची अडचण आली. त्याची उंची अवघी 157 सेंटिमीटर. विमान उतरवताना त्याला समोरची धावपट्टी नीट दिसेना, आणि उतरणे काही केल्या जमेना. नाव कमी होण्याची वेळ आली, तेव्हा बैठकीवर एक उशी ठेवण्याची युक्ती निघाली आणि प्रश्न मिटला! पुढे याच ठेंगणेपणाचा त्याला लाभ झाला, कारण अवकाशयानाच्या चिमुकल्या गोळ्यात उंच माणसाची सोय नव्हती. 1957 साली तो पदवीधर झाला. त्याच वर्षी व्हालेन्तिना गोर्याचेवा हिच्याशी त्याचा विवाह झाला. नॉर्वेच्या सरहद्दीजवळच्या अतिथंड प्रदेशात त्याची नेमणूक झाली.

1960 साली अवकाशयात्रेसाठी वीस वैमानिक निवडण्यात आले. त्यांतून सहा, आणि शेवटी उरले दोघे : गागारिन आणि घेर्मान तितोव. त्या वैमानिकांनाच एकदा गुप्तपणे विचारण्यात आले होते, की आपल्याखेरीज कोणी पहिले जावे. बहुतेकांनी गागारिनचे नाव लिहिले. ‘व्होस्तोक’ यान प्रथम दाखवण्यात आले तेव्हा आत शिरण्यापूर्वी त्याने पायांतले बूट काढून ठेवले, असे सांगतात. खेड्यात घरात शिरताना करतात तसेच! यानाचे जनक सेर्गेई कोरोल्योव यांच्या मनात तो तेव्हाच भरला.

12 एप्रिल 1961. मॉस्कोच्या घड्याळात सकाळचे 9 वाजून 7 मिनिटे झाली असता बायकोनूर येथून अग्निबाण सुटला. यान तासाला सुमारे 28,000 किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरू लागले. माणूस वजनरहित अवस्थेत शुद्धीवर राहतो की भ्रमिष्ट होतो, हे त्या दिवशी कोणासही ठाऊक नव्हते. म्हणून यानाचे नियंत्रण कुलूपबंद ठेवले होते आणि कुलपाचा आकडा एका बंद पाकिटात होता. त्याची गरज पडली नाही. एक प्रदक्षिणा झाली आणि परतीच्या वेळी संकट आले. यानाचा मागचा भाग सुटून पडावयाचा, तो तारांच्या जुडग्याने अडकून राहिला आणि गोळा गरागरा फिरू लागला. सुमारे दहा मिनिटांनी वातावरणाच्या घर्षणाने त्या तारा जळाल्या, तेव्हा सुटका झाली. जमिनीपासून सात किलोमीटरवर असताना गागारिन यानाबाहेर फेकला गेला आणि हवाईछत्रीने उतरला. कुठे? ज्या सारातोव भागात तो उडायला शिकला होता, त्याच भागातल्या एका शेतात! नारिंगी पोशाखातला तो विचित्र पाहुणा पाहून शेतातल्या आजीबाई आणि त्यांची लहानगी नात घाबरून गेल्या. त्याने आपण त्यांच्यापैकीच असल्याची खात्री पटवली, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

उड्डाणापासून जमिनीपर्यंत एकशे आठ मिनिटे. माझ्या आजीच्या जपमाळेत जितके मणी, तितकीच!

आणि इथून त्याची दुसरी कहाणी सुरू होते. वर जाताना तो सीनियर लेफ्टनंट होता, खाली येईपर्यंत मेजर झाला होता. मॉस्कोने त्याला डोक्यावर घेतले. पुढील काळात त्याला सुमारे तीस देशांत फिरवण्यात आले. 1961 च्या अखेरीस तो पत्नीसह भारतातही आला, पंडित नेहरूंना भेटला, मुंबईलाही येऊन गेला. सर्वत्र तेच हार, तेच प्रश्न आणि त्याचे तेच प्रसन्न हसू. पण तो यानातून नव्हे तर छत्रीने उतरला, ही साधी गोष्टही सरकारी धोरणामुळे त्याला उघड सांगता येत नव्हती. विक्रमाच्या नियमांत ते बसत नव्हते ना! मेजवान्या आणि मद्य यांचाही परिणाम झाल्यावाचून राहिला नाही. त्याच वर्षी क्रिमियात विश्रांतीसाठी गेला असता सज्जावरून उडी मारताना तो पडला आणि भुवईवर कायमची खूण घेऊन आला. इतक्या मोठ्या माणसाचे पाऊल असे घसरावे, हे वाचून मला प्रथम वाईट वाटले, आणि मग तो मला अधिक जवळचा वाटू लागला.

कारण तो तिथेच राहिला नाही. 1963 च्या अखेरीस तो अंतराळवीर प्रशिक्षण केंद्राचा उपसंचालक झाला. झुकोव्स्की अकादमीत तो अभियांत्रिकी शिकतच होता. पुन्हा अवकाशात जावे, ही त्याची तळमळ होती. वरिष्ठ मात्र तयार नव्हते. राष्ट्राचे हे रत्न गमावणे त्यांना परवडणारे नव्हते. तरी खटपट करून तो ‘सोयूझ-1’ साठी व्लादिमीर कोमारोव याचा पर्यायी अंतराळवीर झाला. 24 एप्रिल 1967 रोजी परतताना सोयूझची छत्री उघडली नाही आणि कोमारोव मृत्युमुखी पडला. त्यानंतर गागारिनला अवकाशाची दारे बंद झाली.

मग त्याने निदान विमान तरी चालवू द्यावे, असा आग्रह धरला. फेब्रुवारी 1968 मध्ये त्याने अकादमीची पदवी मिळवली. पुन्हा वापरता येईल अशा पंखयुक्त अवकाशयानाचा आराखडा हा त्याच्या प्रबंधाचा विषय होता. 27 मार्च 1968 रोजी सकाळी तो मिग-15 या दोन आसनी विमानातून निघाला. सोबत होता अनुभवी शिक्षक व्लादिमीर सेर्योगिन. एकट्याने लढाऊ विमान चालवण्यापूर्वीचे ते तपासणीचे उड्डाण होते. पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला माणूस शिक्षकापुढे परीक्षेला बसला होता! काही मिनिटांतच किर्झाच गावाजवळच्या जंगलात विमान कोसळले आणि दोघेही गेले. अपघाताच्या कारणांविषयी आजही मतभेद आहेत. गागारिन अवघा 34 वर्षांचा होता.

1961 च्या उड्डाणापूर्वी, आपण परतलो नाही तर, म्हणून त्याने पत्नीसाठी एक पत्र लिहून ठेवले होते. दोन्ही मुलींना चांगले वाढव आणि स्वतःचे आयुष्य हवे तसे जग, असा त्याचा आशय. ते पत्र तिच्या हाती पडले ते त्याच्या मृत्यूनंतर, सात वर्षांनी. पुढे ती 2020 पर्यंत जगली. तिने पुनर्विवाह केला नाही.

ग्झात्स्क शहराला आज गागारिनचे नाव आहे. तो ज्या प्रशिक्षण केंद्रात उपसंचालक होता, त्यालाही त्याचेच नाव दिले गेले. 1984 साली अवकाशात गेलेले आपले राकेश शर्मा तिथेच तयार झाले आणि गगनयानासाठी निवडलेल्या चार भारतीय वैमानिकांनीही तिथेच धडे घेतले.

जगाने त्याला सत्तावीस वर्षांच्या वयातच पुतळा करून ठेवले होते. पुतळ्याला काही शिकावे लागत नाही, नापास होण्याची भीती नसते. गागारिनने मात्र पुन्हा पाटी हाती घेतली. त्याला दुसरे उड्डाण मिळाले नाही, पण त्याच्यासाठी तो शेवटच्या सकाळपर्यंत झटत राहिला.

पुस्तक परत करताना मी ग्रंथपालांकडून माझ्या मागे पडलेल्या विषयाची पुस्तके मागून घेतली. या दिवाळीत गावी गेलो, तेव्हा कोणीतरी नेहमीसारखी माझी ओळख करून दिली. मी नमस्कार केला आणि सांगितले, ती गोष्ट झाली जुनी. सध्या मी अर्थशास्त्राच्या राहिलेल्या पेपरचा अभ्यास करतो आहे.